हिमगावांतील भूमिपुत्र कोण?

२०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील टीटन खिंडीत डोंगराचा एक भाग खचला आणि त्याबरोबर रस्त्याचा मोठा तुकडा खाली घसरला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. डोंगराळ मुलुखात दरडी कोसळावयाच्याच; तेव्हा या वार्तेची दखल एरवी आसपासच्या चार गावांपलीकडे कोणी घेतली नसती. परंतु खिंडीच्या पूर्वेस जॅक्सन हे धनाढ्यांचे गाव आहे आणि त्या गावात राबणारी असंख्य माणसे खिंडीच्या पश्चिमेस, आयडाहो राज्यातील लहान गावांत राहतात. रस्ता तुटताच रुग्णालयातील परिचारिका, शाळेतील शिक्षक, उपाहारगृहातील स्वयंपाकी यांना तासाभराहून अधिक वेळ खाणारा वळसा घालून कामावर यावे लागले. सुमारे तीन आठवड्यांत तात्पुरता रस्ता तयार झाला. तथापि तेवढ्या अवधीत एक गोष्ट साऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ज्यांच्या श्रमांवर गाव चालते, त्यांना त्या गावात राहावयास जागा उरलेली नाही.

जॅक्सन हे काही अपवादात्मक गाव नव्हे. रॉकी पर्वतराजीत अ‍ॅस्पेन, वेल, टेलुराइड, क्रेस्टेड ब्यूट, पार्क सिटी अशी अनेक गावे आहेत. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून वेगाने घसरत जाण्याचा स्की हा खेळ हेच त्यांच्या उपजीविकेचे मुख्य साधन. या खेळासाठी, आणि कित्येकदा त्याहूनही अधिक तेथील निवांतपणासाठी, शहरांतील माणसे या गावांकडे धाव घेतात. नामांकित गावांत दाटी झाली की ती कमी गर्दीचे गाव शोधतात. ते सापडले की तेथे घर घेतात. आणि आपल्यामागून आपल्यासारखेच आणखी चारजण आले की गर्दी फार झाली अशी तक्रार करू लागतात. आधीचे रहिवासी त्यांना उपरे म्हणतात, आणि हेच उपरे दहा वर्षांनी नव्याने येणाऱ्यांना तेच विशेषण लावतात. २०२० च्या महासाथीनंतर घरी बसून कार्यालयाचे काम करण्याची मुभा अनेकांना मिळाली. तेव्हापासून या स्थलांतराला भरती आली आणि जुन्यानव्यांमधील कुरबुरीला कडवटपणाही आला. वरवर पाहता हा सुखवस्तूंचा आपसांतील कलह वाटतो. वस्तुतः तो तसा नाही.

चांदी संपली, बर्फ उरले

अ‍ॅस्पेनचाच इतिहास पाहावा. १८७९ मध्ये चांदीच्या शोधात निघालेली काही माणसे डोंगर ओलांडून या खोऱ्यात उतरली. ही भूमी यूट आदिवासींच्या शिकारीची. म्हणून वस्तीला प्रथम ‘यूट सिटी’ असे नाव पडले. वर्षभरातच ते बदलून अ‍ॅस्पेन झाले आणि १८८१ मध्ये कोलोरॅडोतील बहुसंख्य यूटांना लष्कराच्या बळावर पश्चिमेकडील यूटा प्रदेशात हाकलून देण्यात आले. आधी नाव गेले आणि पाठोपाठ ज्यांचे ते नाव होते तेही गेले. पुढे १८९३ मध्ये सरकारने चांदीची खरेदी थांबविली, भाव कोसळला आणि ऐन भरात दहा हजारांच्या वर गेलेली या गावची लोकसंख्या १९३० च्या सुमारास अवघ्या सातशेच्या घरात आली. ओस घरे जळणासाठी मोडली गेली. १९४५ मध्ये शिकागोचे उद्योगपती वॉल्टर पेपके आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ तेथे आले. १९४७ च्या आरंभी डोंगरावर माणसांना वाहून नेणारा पाळणा सुरू झाला. १९४९ मध्ये गटेच्या द्विशताब्दीचा महोत्सव भरला आणि त्यासाठी अल्बर्ट श्वाइट्झर येऊन गेले. गावाचा पुनर्जन्म झाला तो असा. मात्र या जन्मातले गाव पूर्णतः नवागतांनी घडविलेले होते. आज तेथे ‘आम्ही मूळचे इथले’ असे जे सांगतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची मुळे फार तर दोनतीन पिढ्यांएवढी खोल आहेत.

मग दार कोणी कोणासाठी लावावयाचे? १९७० मध्ये हंटर थॉम्प्सन हा बंडखोर पत्रकार अ‍ॅस्पेनच्या पिट्किन परगण्यात शेरीफच्या पदासाठी निवडणुकीस उभा राहिला. रस्त्यांवरील डांबर उखडून तेथे गवत लावू आणि गावाचे नाव बदलून ‘फॅट सिटी’ ठेवू, म्हणजे अ‍ॅस्पेन या नावावर जमिनी विकणारे दलाल तोंडघशी पडतील, असा त्याचा जाहीरनामा होता. तो पराभूत झाला. पण त्याच वर्षी १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक सामने कोलोरॅडोतील डेन्व्हर शहरास मिळाले आणि सबंध राज्यात वादळ उठले. सामने आले की रस्ते येतील, हॉटेले येतील, माणसांचे लोंढे येतील, ही धास्ती इतकी प्रबळ ठरली की नोव्हेंबर १९७२ मध्ये मतदारांनी सामन्यांसाठी पैसा देण्यास साफ नकार दिला. सामने ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला गेले. या चळवळीचे नेते रिचर्ड लॅम पुढे बारा वर्षे त्या राज्याचे गव्हर्नर होते. विशेष असे, की थॉम्प्सन हा केंटकीचा आणि लॅम हे विस्कॉन्सिनचे. दाराला कडी घालावयास निघालेले दोघेही त्याच दारातून आत आलेले होते. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जन्माच्या आधारावर ‘इथला’ आणि ‘बाहेरचा’ अशी विभागणी करू गेल्यास शेवटी फक्त यूट उरतात, आणि त्यांना तर कोणी विचारीतही नाही.

नवागतांची बाजू

नवागतांवर खापर फोडणे सोपे असते. म्हणून त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. क्रेस्टेड ब्यूट या गावातील मोठी कोळशाची खाण १९५२ मध्ये बंद पडली आणि गावाला उतरती कळा लागली. पुढे स्कीच्या निमित्ताने तरुण मंडळी आली, मोडकळीस आलेली घरे त्यांनी दुरुस्त केली. १९७७ मध्ये एका बलाढ्य कंपनीने गावाशेजारच्या एमन्स डोंगरात मॉलिब्डेनम धातूची प्रचंड खाण खोदण्याची योजना जाहीर केली, तेव्हा तिच्याविरुद्ध उभी राहिली ती प्रामुख्याने ही बाहेरून आलेली माणसे. १९८१ मध्ये कंपनीने योजना गुंडाळली. नवागतांनी डोंगर वाचविला यात संशय नाही. पण वाचलेल्या डोंगराचे सौंदर्य हेच पुढे विक्रीचे भांडवल झाले. २०२१ च्या जूनमध्ये त्याच गावाच्या परिषदेला घरांच्या टंचाईपायी आणीबाणी जाहीर करावी लागली. पूर किंवा वणवा आला असता जी तरतूद वापरावयाची, ती घरभाड्यासाठी वापरण्याची पाळी आली. ज्यांनी खाण परतवून लावली, त्यांना दलालास परतवून लावता आले नाही.

असे का व्हावे? पहिले कारण भूगोलाचे आहे. जॅक्सन ज्या टीटन परगण्यात आहे, तेथील सुमारे ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्याने, वने अशा सार्वजनिक मालकीची आहे. उरलेल्या तीन टक्क्यांत सारे काही मावले पाहिजे. त्यातच वायोमिंग राज्यात प्राप्तिकर नाही. त्यामुळे दरडोई उत्पन्नात हा परगणा साऱ्या अमेरिकेत अग्रस्थानी जाऊन बसला. कोट्यधीशांना अब्जाधीश हुसकावून लावीत आहेत, असा विनोद तेथे रूढ आहे. अ‍ॅस्पेनमध्ये स्वतंत्र घराची सरासरी किंमत एक कोटी डॉलरांच्या पुढे गेली आहे आणि अशी कित्येक घरे वर्षातील बहुतेक महिने कुलूपबंद असतात. रात्री गावातून चक्कर मारली, तर सर्वांत महागड्या आळीतच दिवे सर्वांत कमी दिसावेत, ही या समृद्धीची खूण होय.

दुसरे कारण व्यापाराचे. २००८ मध्ये वेलच्या कंपनीने सबंध हंगामासाठी ५७९ डॉलरांचा पास काढला. २०१८ मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी दुसरा काढला. एका दिवसाचे तिकीट मात्र वाढत वाढत काही ठिकाणी ३०० डॉलरांच्या वर गेले. साहजिकच सर्वांनी पास घेतले आणि ज्या डोंगरावर पास चालतो तेथे झुंबड उडाली. झुंबडीला कंटाळलेले लोक आडबाजूची गावे शोधू लागले. म्हणजे गर्दी आणि गर्दीपासूनची पळापळ या दोन्ही एकाच व्यवहारातून उपजल्या. या व्यवहारात डोंगरावर काम करणाऱ्याच्या पदरी काय पडते, हे पार्क सिटीने दाखविले. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस, नाताळच्या ऐन हंगामात, तेथील गस्ती पथकाने संप पुकारला. हिमकडे कोसळू नयेत म्हणून पहाटे स्फोट घडविणारी आणि जखमींना खाली आणणारी ही माणसे. ताशी २१ डॉलरांऐवजी २३ डॉलर द्या, एवढीच त्यांची मुख्य मागणी. डोंगराचा बराचसा भाग बंद राहिला, पर्यटक संतापले आणि जानेवारीत मागणी मान्य झाली.

सर्वांत शेवटचा माणूस

या साऱ्या वादात सर्वांत खालच्या पायरीवर कोण उभा आहे, हेही पाहिले पाहिजे. अ‍ॅस्पेनपासून सुमारे ६५ किलोमीटर अंतरावरील ग्लेनवूड स्प्रिंग्ज आणि त्याहूनही दूरची गावे येथून रोज पहाटे बसगाड्या भरून माणसे कामाला येतात. त्यांत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्यांची संख्या मोठी आहे. हॉटेलातील बिछाने घालणारे, भांडी घासणारे, छपरांवरील बर्फ उपसणारे हे हात. १९९९ च्या डिसेंबरात अ‍ॅस्पेनच्या नगर परिषदेने एकमताने एक ठराव केला. पर्यावरणावर ताण पडतो, सबब देशात येणाऱ्या परकीयांची संख्या मर्यादित करावी, अशी विनंती त्यात केंद्र सरकारला करण्यात आली होती. वर्षातून दोन आठवडे वापरावयाच्या प्रासादाचे अंगण बर्फ वितळविण्यासाठी तापवून ठेवले जाते, त्याने निसर्गावर ताण पडत नाही. तेथील मोलकरणीच्या खोलीने मात्र पडतो, असाच या तर्काचा अर्थ होतो. निसर्गप्रेम आणि तुसडेपणा यांत किती थोडे अंतर असते, याचे हे उदाहरण विसरण्याजोगे नाही.

मग उपाय कोणता? स्वित्झर्लंडने कायद्याचा मार्ग धरला. ११ मार्च २०१२ रोजी झालेल्या सार्वमतात ५०.६ टक्के मतांच्या निसटत्या बहुमताने असे ठरले, की ज्या गावात अधूनमधून राहण्यासाठी ठेवलेल्या घरांचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर आहे, तेथे तसली नवी घरे बांधू नयेत. उद्देश चांगला होता. परंतु वालिससारख्या डोंगरी प्रांतांनी मोठ्या बहुमताने विरोधी मत दिले होते, आणि डोंगर राखण्याचा निर्णय मुख्यतः मैदानातील शहरांच्या मतांवर झाला. शिवाय जुन्या घरांना ही बंदी लागू नव्हती. नवे बांधता येईना म्हणून पैसेवाल्यांची नजर गावातील जुन्या घरांकडे वळली आणि ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांच्याच डोक्यावरील छप्पर काही ठिकाणी महाग झाले. आपल्याकडे हिमाचल प्रदेशाने १९७२ च्या कायद्यातील ११८ व्या कलमान्वये राज्यातील शेतकरी नसलेल्यास सरकारी परवानगीवाचून जमीन घेण्यास मज्जाव केला. त्याने शेतकऱ्याच्या हातची जमीन पुष्कळ अंशी राखली हे खरे. पण मनालीची गर्दी त्याने थांबली नाही.

यापेक्षा अधिक विचार करावयास लावणारा मार्ग खुद्द अ‍ॅस्पेनने काढला, आणि तोही पन्नासएक वर्षांपूर्वीपासून. गावाने आणि परगण्याने मिळून सुमारे तीन हजार घरे बाजाराच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. ती कोणास मिळावीत? जो त्या परगण्यात वर्षाकाठी किमान १५०० तास काम करतो त्यास. त्याचा जन्म कोठे झाला, तो कधी आला, हे विचारले जात नाही. वेल गावाने २०१७ पासून घरमालकांना रोख रक्कम देऊन त्यांच्याकडून असे लिहून घेण्यास प्रारंभ केला, की या घरात यापुढे स्थानिक नोकरी करणाराच राहील. या योजना निर्दोष नाहीत. निवृत्त झालेले लोक घर सोडीत नाहीत, नव्यांना सोडतीत नाव लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते, आणि तीन हजार घरेही पहाटेच्या बसगाड्या रिकाम्या करण्यास पुरलेली नाहीत. तरीही तत्त्व मोलाचे आहे. गाव कोणाचे, या प्रश्नाला येथे कुळाचे किंवा पैशाचे उत्तर न देता कामाचे उत्तर दिले आहे.

वास्तविक भूमिपुत्र या शब्दाचा उच्चार आपल्याकडेही सुलभतेने होतो, आणि निवांत जागेचा शोधही आपल्या मध्यमवर्गाला परका राहिलेला नाही. दुरून साजरे दिसणारे डोंगर जवळ जाऊन विकत घ्यावेत, ही इच्छा माणसाची आहे, अमेरिकेची नव्हे. म्हणून त्या हिमगावांच्या अनुभवातून घ्यावयाचा बोध असा, की येणाऱ्यास अडविणे न्याय्यही नाही आणि शक्यही नाही. अडवावयाचे ते घराचे कुलूप. जो गावात राहतो, तेथील शाळेत मुले घालतो, तेथे राबतो, तो काल आलेला असला तरी गावचाच. आणि जो केवळ दस्तऐवजावर मालक आहे, त्याने गावाला कर दिला पाहिजे आणि त्या करातून घरे उभी राहिली पाहिजेत. २०२२ च्या नोव्हेंबरात अ‍ॅस्पेनच्या मतदारांनी पर्यटकांना अल्पमुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवर असा कर बसविला, तो योग्यच होता. फक्त त्यास फार उशीर झाला.

टीटन खिंडीतला रस्ता आता दुरुस्त झाला आहे. परिचारिका आणि शिक्षक पुन्हा रोज सकाळी खिंड चढून कामावर येतात आणि दिवस मावळला की खिंड उतरून परत जातात. रस्ता पूर्ववत झाला याचा गावास आनंद झाला हे स्वाभाविक आहे. पण ज्या दिवशी त्या रस्त्याची गरजच पडणार नाही, त्या दिवशी जॅक्सनला गाव म्हणता येईल.