घरबसल्या नोकरी : नव्या माणसाला रुजू कोण करून घेणार?

कचेरीत नवा माणूस आला की एक जुनी रीत असते. तो रुजू झाल्याचा अर्ज देतो, हेडक्लार्क खुर्ची दाखवतो, हजेरीपटावर नाव चढते. आणि दुपारचा डबा संपेपर्यंत शेजारच्या टेबलावरचा जुना कारकून त्याला सांगून मोकळा होतो की, कोणती फाईल कोणाकडे अडते आणि कोणत्या साहेबाला कधी भेटू नये. हे शिक्षण कुठल्याच परिपत्रकात नसते. आम्ही कारकुनी करणारे त्याच शिक्षणावर उभे राहिलो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने ही रीत मोडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राच्या दूरसंचार खात्याने कॉल सेंटरसारख्या कंपन्यांवरील नियम सैल केले आणि घरून काम करणे सोपे झाले. टाळेबंदी उठली, पण ही पद्धत राहिली. आज आपल्या वस्त्यांतील पदवीधर मुले-मुली दहा बाय बाराच्या खोलीत कानाला हेडफोन लावून नोकरी करताना दिसतात.

लॅपटॉप कुरियरने येतो. पहिल्या दिवशी पडद्यावर ओळखी होतात, नियम सांगितले जातात, मुलगी मान हलवते. तिसऱ्या दिवशी पासवर्ड चालत नाही. आता विचारायचे कोणाला? ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी अशा नोकरीला लागले, तिथल्या मुलांना विचारण्याचा संकोच फार. पलीकडच्या साहेबाला हा संकोच दिसत नाही, काम झाले नाही एवढेच दिसते. प्रोबेशनच्या काळात अशाने हुशार मूल 'कच्चे' ठरते.

गिटलॅब नावाच्या परदेशी कंपनीत सगळे आपापल्या ठिकाणाहूनच काम करतात. तिने कामाच्या रीती लिहून काढल्या असून त्या कोणालाही वाचता येतात. नव्या माणसाला कामांची यादी मिळते आणि एक सोबती नेमून दिला जातो. हा सोबती म्हणजे आपला शेजारच्या टेबलावरचा कारकूनच, फक्त रीतसर नेमलेला! तेव्हा मुलांनी पहिल्याच दिवशी विचारावे, "सर, अडले तर कोणाला फोन करू?" आमच्या मते, ज्या कंपनीला याचे उत्तर एका नावाने देता येत नाही, तिने माणूस रुजू करून घेतलेला नाही, नुसते नाव चढवले आहे. ओळख करून देतानाही शिक्षण आणि काम सांगावे. गाव कोणते, आडनाव काय, या चौकशीला पडद्यावर तरी जागा नको.

कागदपत्रांबाबत पालकांनी जागरूक राहावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या असून त्यांनुसार नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. पीएफ कापत असतील तर यूएएन क्रमांक मागून घ्यावा. पासबुक मोबाईलवर दिसते आणि कंपनीने पैसे खरोखर भरले की नाही ते कळते. लॅपटॉपची अनामत, नोंदणीची फी असे सांगून कोणी आधी पैसे मागितले, तर ती नोकरी नव्हे, फसवणूक समजावी. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आणि घरच्यांचे काय? मुलगा लॅपटॉपसमोर बसला तर "त्याचे ऑफिस चालू आहे" म्हणतात. मुलगी किंवा सून बसली तर "ती घरीच आहे, तिला पाणी भरायला सांग" म्हणतात. तिच्या मीटिंगची वेळ कागदावर लिहून भिंतीला लावावी. तेवढा वेळ टीव्ही बंद, आणि पाहुण्यांचा चहा दुसऱ्या कोणीतरी करावा.

अनेक बुद्धविहारांत अभ्यासिका चालतात. या नोकऱ्यांत दोन-तीन वर्षे मुरलेल्या तरुणांनी रविवारी वंदनेनंतर तासभर तिथे बसावे आणि नव्याने लागलेल्यांना मेल कसा लिहावा, रजा कशी मागावी, मीटिंगमध्ये न समजलेले पुन्हा कसे विचारावे, हे सांगावे. दोन खुर्च्या आणि एक टेबल लागेल, तेवढे विहार समितीने द्यावे.