पकडलेला बिबट्या सोडायचा कुठे?

गावात बिबट्या दिसला की मागणी एकच असते: पिंजरा लावा. अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, पारनेर... अहिल्यानगर जिल्ह्यात ऊस जिथवर पोचला तिथवर ही मागणीही पोचली आहे. मग वनखात्याची गाडी येते. बांधाच्या कडेला लोखंडी पिंजरा उतरतो, मागच्या कप्प्यात शेळी नाहीतर कोंबडी ठेवली जाते, वरून पाचट आणि पाला टाकून पिंजरा झाकला जातो. जमलं तर दोन-चार रात्रींत दार धाडकन पडतं. सकाळी तिथे जत्रा भरते, मोबाइल उंचावतात, आतला बिबट्या गजांवर धडका मारून कपाळ सोलून घेतो. गर्दीतून कुणीतरी म्हणतंच, "आता याला लांब नेऊन सोडा."

लांब म्हणजे नेमकं कुठे, हे शोधण्यात महाराष्ट्राची वीस-पंचवीस वर्षं गेली. त्यातली बरीचशी शिकवणी नगर आणि पुणे जिल्ह्यांच्या शिवेवर झाली.

रस्त्यावर मार खाल्लेलं, भेदरलेलं कुत्रं कुणी उचलून आणलं तर त्याची पुढची वाट माहीत असते. उपचार, लस, नसबंदी, मग धीराचा एखादा माणूस आणि नवं घर. सुरुवातीला कोपऱ्यात दडणारं तेच कुत्रं पुढे त्या घराची राखण करू लागतं. बिबट्याच्या बाबतीत ही वाट बंद आहे. त्याला नवं घर देता येत नाही. जुनं घर परत करायचं, नाहीतर जन्मभराचा पिंजरा, एवढेच दोन पर्याय उरतात.

त्यातल्या दुसऱ्या पर्यायाचा पत्ता म्हणजे माणिकडोह. जुन्नरजवळ, कुकडी नदीवरच्या धरणाशेजारी असलेलं हे बिबट निवारा केंद्र हद्दीने पुणे जिल्ह्यातलं. पण शिवेपलीकडच्या संगमनेर-पारनेरकडच्या बिबट्यांनाही अडीअडचणीला तेच जवळ पडतं. केंद्र वनखात्याचं. तिथली देखभाल आणि वैद्यकीय काम गेलं दीड दशक आणि त्याहून अधिक काळ 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था वनखात्याच्या बरोबरीने सांभाळते आहे. हे प्राणिसंग्रहालय नव्हे. इथे तिसाहून अधिक बिबटे राहत आले आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे एकेक कहाणी आहे. कुणी उसात सापडलेलं पिल्लू, आईपासून तुटलं ते तुटलंच. शिकार कुणी शिकवली नाही, म्हणून आता सोडता येत नाही. कुणी रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात पाय गमावून बसलेला. कुणाला गाडीने उडवलेलं. काहींवर माणूस मारल्याचा ठपका आहे.

पिंजऱ्यात अडकलेला बिबट्या स्वतःचंच नुकसान करून घेतो. गज चावताना सुळे तुटतात, नखं उखडतात. सुळे गेलेल्या बिबट्याला बाहेर भक्ष्य धरता येत नाही. म्हणजे सुटका करायला गेलेल्या लोखंडामुळेच तो कायमचा आत राहू शकतो. म्हणून जाणती माणसं पकडल्याबरोबर आधी पिंजऱ्यावर कापड टाकतात आणि गर्दी हटवतात. अंधार झाला, आवाज थांबले, की तो निवळतो. औषधाचं पुढचं काम त्यानंतरच नीट होतं.

त्या कामाला घाई चालत नाही. फुंकनळीतून इंजेक्शन मांडीत मारलं जातं, बहुधा केटामाइन आणि झायलाझिन यांचं मिश्रण. बिबट्या पडतो, पण त्याचे डोळे उघडेच राहतात. पापणी मिटत नाही. म्हणून डोळ्यांत मलम घालून वर फडकं बांधतात. ताप पाहत राहावं लागतं, कारण भूल दिलेलं जनावर उन्हाळ्यात चटकन तापतं. मग अंगावर पाणी शिंपडायचं. तेवढ्या वेळात दात तपासायचे, जखमा धुवायच्या, रक्त घ्यायचं, वजन करायचं. आणि शेपटीच्या मुळाशी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप सारायची. प्रत्येक चिपेचा क्रमांक वेगळा, त्यामुळे तो बिबट्या पुन्हा कुठे सापडला तर ओळखता येतो. या दाण्याने पुढे बऱ्याच समजुती मोडीत काढल्या.

2001 ते 2003 या काळात जुन्नर वनविभागात बिबट्याच्या हल्ल्यांनी हाहाकार उडाला होता. डॉ. विद्या अत्रेय या वन्यजीव संशोधक त्याच सुमारास या भागात कामाला लागल्या. पशुवैद्य डॉ. अनिरुद्ध बेलसरे यांच्यासोबत त्यांनी वनखात्याच्या नोंदी तपासल्या, पकडलेल्या बिबट्यांना चिपा बसवल्या. हाती आलेला हिशोब कुणालाच रुचणारा नव्हता. 1993 ते 2001 या काळात जुन्नरमध्ये वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. मग बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम सुरू झाली. 29 बिबटे सरासरी 39.5 किलोमीटर लांब नेले गेले. त्यानंतर हल्ल्यांची सरासरी 17 वर गेली आणि त्यांत जीव जाण्याचं प्रमाण दुप्पट झालं.

उपाय म्हणून जे केलं त्यानेच दुखणं वाढलं होतं. पिंजऱ्याची दहशत खाल्लेलं, जखमी, माणसांच्या गर्दीने पिसाटलेलं जनावर अनोळखी रानात सोडलं जातं. तिथे आधीचे बिबटे असतात, पाणी कुठे आहे ते माहीत नसतं. ते चालू लागतं आणि वाटेत गावं लागतात. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत कोवळा, अननुभवी बिबट्या येऊन बसतो. एका ठिकाणचा प्रश्न दोन ठिकाणी होतो. केंद्र सरकारने 2011 मध्ये मानव-बिबट संघर्षाबद्दलच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत अशा सरसकट स्थलांतराला नकार आहे, तो उगाच नाही.

स्थलांतराची सगळ्यांत गाजलेली गोष्ट मात्र पारनेर तालुक्यातली आहे. टाकळी ढोकेश्वर हे नगर-कल्याण रस्त्यावरचं गाव. 2009 मध्ये तिथल्या विहिरीत एक वयस्कर नर बिबट्या पडला. बिनकठड्याच्या विहिरी या भागात किती आहेत याची मोजदाद नाही, आणि रात्री भक्ष्यामागे धावणाऱ्या बिबट्याला त्या दिसत नाहीत. या नराला बाहेर काढलं, अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला, शेपटीत चिप घातली, आणि त्याच रस्त्याने नेऊन माळशेज घाटात सोडलं. त्याचं वय आणि शांत स्वभाव पाहून नाव पडलं आजोबा.

आजोबा माळशेजात थांबले नाहीत. टाकळीकडेही परतले नाहीत. त्यांनी तोंड पश्चिमेला वळवलं. पट्ट्याकडून येणारे ठिपके नकाशावर सरकत गेले: कसाऱ्याजवळचा लोहमार्ग, मुंबई-आग्रा महामार्ग, वसईकडची औद्योगिक वसाहत, मग खाडी. महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून, खाडी पोहून हा म्हातारा मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दाखल झाला. एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. बहुतेकांना तो शेजारून गेल्याचा पत्ताही लागला नसावा. 2011 मध्ये उद्यानाजवळच्या रस्त्यावर वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मेला. शेपटीतल्या चिपेने सांगितलं, हा आजोबा. 2014 मध्ये सुजय डहाके यांनी याच गोष्टीवर 'आजोबा' हा चित्रपट केला, त्यात संशोधकाची भूमिका ऊर्मिला मातोंडकरांनी केली. कागदोपत्री नमुनेदार स्थलांतर कसं फसतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही.

पण मग बिबट्याचं जुनं घर तरी कोणतं? जंगल, असं आपण सवयीने म्हणतो. अकोले तालुक्याने हे उत्तर खोटं ठरवलं. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे खाली उतरले, 1950 च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कोरडवाहू माळावर माणूस बुडेल एवढा ऊस उभा राहू लागला. आडसाली ऊस दीड वर्षापर्यंत शेतात असतो. दाट, गार, पाणी जवळ, माणसाचा वावर नाही. बिबट्याच्या मादीला बाळंतपणाला आणखी काय हवं? अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्याच्या खोऱ्यात आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावले, त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये छापून आले. चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसं राहतात अशा त्या भागात दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे निघाले, आणि जवळपास तेवढीच तरसं. आसपास म्हणावं असं जंगल नाही. हे बिबटे वाट चुकून आलेले पाहुणे नव्हते, तिथलेच होते.

आणि ते खात काय होते? विष्ठेच्या तपासणीतून उत्तर मिळालं. त्यांच्या खाद्यात वजनाने सगळ्यांत मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचा. त्याखालोखाल 15 टक्के मांजरं. शेळ्या तिथे कुत्र्यांच्या कितीतरी पट, तरी त्यांचा वाटा 11 टक्केच, कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रं उकिरड्यावर. गावचा उकिरडा, त्यावर पोसलेलं बेवारस कुत्रं आणि त्या कुत्र्यावर जगणारा बिबट्या, अशी ही साखळी.

अकोल्याच्या डोंगरभागात महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर वाघोबाची ठाणी आहेत, दिवाळीच्या तोंडाला वाघबारस पाळली जाते. वाघोबात वाघ आणि बिबट्या दोघांचाही समावेश. शहरी लेखनात याचं फार गोड चित्र रंगवतात. प्रत्यक्षात तो धाकातून आलेला व्यवहार आहे: तुझा वाटा तुला, आमची गुरंवासरं आम्हाला. तरी ही तडजोड पिढ्यान्‌पिढ्या टिकली, हे खरं.

जुनं घर परत देण्याचं काम सगळ्यांत चांगलं साधतं ते पिल्लांच्या बाबतीत. दिवाळीनंतर तोडणी सुरू होते. पाथर्डी, शेवगावच्या, बीडच्या टोळ्या फडात उतरतात. कोयता एकेक सरी मोकळी करत जातो आणि मध्येच पाचटात दोन-तीन पिल्लं दिसतात, कधी डोळेही न उघडलेली. टोळीचं काम थांबतं, मुकादम वैतागतो, मालक फोन लावतो. पूर्वी अशी पिल्लं उचलून नेली जात. रात्री परतलेली मादी रिकाम्या फडाभोवती घिरट्या घालायची, वस्तीजवळ यायची, आणि गावाला वाटायचं ती चवताळली आहे. पिल्लांचं पुढचं आयुष्य पिंजऱ्यात.

आता पशुवैद्य येतो. हातमोजे घालून पिल्लं तपासतो, गोचिड काढतो, नर-मादी, वजन यांची नोंद करतो, चिप बसवतो. संध्याकाळ झाली की सापडलेल्या जागीच क्रेट ठेवला जातो. संगमनेर-नारायणगावच्या टोमॅटोबाजारात थप्प्या लागतात तसलाच तो प्लास्टिकचा क्रेट, जाळीचा. आतून आवाज आणि वास बाहेर जाईल असा, पिल्लांना चढून येता येणार नाही असा. समोर कॅमेरा. मग माणसांनी तिथून निघून जायचं, हे खरं अवघड काम, कारण गावातल्या पोरांना बघायचं असतं. मादी बहुधा त्याच रात्री येते. क्रेटभोवती फेरी मारते, हुंगते, पंजाने कलंडवते किंवा वरून तोंड घालून एकेकाला मानेशी उचलते आणि दुसऱ्या उसात नेऊन ठेवते. ती एका वेळी एकच नेते, म्हणून पहिलं पिल्लू गेल्यावर 'बाकीची सोडून गेली' असं समजून घाई करायची नाही. नाहीच आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा तोच खटाटोप. पश्चिम महाराष्ट्रात अशा रीतीने आईकडे परत गेलेल्या पिल्लांची संख्या शंभरावर असल्याचं वाइल्डलाइफ एसओएस सांगते.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे, आणि ती रक्ताची आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात महिन्याभरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला, त्यांत दोन मुलं. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेवटी एका बिबट्याला गोळी घातली गेली. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधतात तसले खिळ्यांचे पट्टे त्या गावात माणसं गळ्यात घालून शेतात जाऊ लागली. पोर गेलेल्या घराला कॅमेऱ्यांचे आकडे ऐकवण्यात अर्थ नाही, आणि नरभक्षक ठरलेल्या जनावराला तिथेच परत सोडा असं कुणी शहाणा संशोधकही म्हणत नाही. पण एका गुन्हेगारासाठी शिवारात दिसेल तो बिबट्या पकडला की माणिकडोहचे पिंजरे भरतात आणि खरा गुन्हेगार बाहेर राहू शकतो. त्यातच बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, म्हणून त्याला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. संतापलेल्या गावाला तो कागद येईपर्यंतचे दिवस फार लांब वाटतात.

बिबट्यांच्या नसबंदीची चर्चा आता सुरू आहे. ती जमली तरी परिणाम दिसायला वर्षं जातील. गोठ्याला जाळी, विहिरीला कठडा, संध्याकाळी पोरं एकटी उसाकडे न पाठवणं, ही कामं लगेच करता येतात आणि बऱ्याच ठिकाणी झालीही आहेत. उरतो उकिरडा आणि त्यावर वाढणारी कुत्री. ते वनखात्याच्या हातात नाही. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण 2023 च्या नियमांनुसार ग्रामपंचायत, नगरपालिका अशा स्थानिक संस्थांवर सोपवलेलं आहे. ग्रामसभेत पिंजऱ्याच्या मागणीचा ठराव एका बैठकीत मंजूर होतो. कुत्र्यांच्या नसबंदीचा ठराव अजून फारसा कुठे ऐकू आलेला नाही.