दप्तर आणि सतार

आमच्या घरीं माडीवरच्या खोलींत एक लाकडी फडताळ आहे. घरपट्टीच्या पावत्या, विजेचीं बिलें, विम्याचे कागद, बँकेचीं पुस्तकें, शेताच्या सातबाराचे उतारे हें सारें दप्तर माझे वडील बंधु तीस वर्षें एकट्यानें सांभाळीत होते. त्याच खोलीच्या कोपऱ्यांत त्यांची सतार गवसणींत उभी असे. तरुणपणीं पगारांतून पैसे साठवून ती त्यांनीं मिरजेहून आणली होती. "एवढे कागद एकदां मार्गीं लागूं देत, मग निवांत वाजवीत बसेन," असें दादा म्हणत. तीन वर्षांपूर्वीं श्रावणांत दादा गेले. कागद तसेच होते, आणि सतारीच्या तारांस गंज चढला होता.

कुटुंबांत एकानेंच दप्तर पाहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि ती सोयीची वाटते. कारण बाकीच्यांस कांहींच करावें लागत नाहीं. तिची गैरसोय त्या एका माणसाच्या पश्चात् कळते. कोणता कागद कोणत्या पुडक्यांत आहे हें दादांच्या डोक्यांत होतें. लिहिलेलें कोठेंच नव्हतें. एका ठेवीवर नॉमिनी म्हणून नांव होतें तें आमच्या मातोश्रींचें, आणि त्यांस जाऊन तर एक तप लोटलेलें. शिवाय नॉमिनी हा त्या पैशाचा मालक होत नाहीं, तो केवळ वारसांच्या वतीनें पैसे स्वीकारतो. खरा हक्क मृत्युपत्राप्रमाणें किंवा वारसा कायद्याप्रमाणें ठरतो, हें मला साठी उलटल्यावर कळलें. शेतावर वारसांचीं नांवें लावावयाचीं तर तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास खबर द्यावी लागते. मग फेरफार, मग सातबारा. रघुवंशाचे सर्ग मुलांना पढविण्यांत माझा जन्म गेला. पण त्या दिवसांत वहिनींनीं जें जें विचारलें त्यांतील एकाचेंहि उत्तर मला देतां आलें नाहीं. त्या रागावल्या नाहींत. "भाऊजी, तुम्हांला तरी काय ठाऊक असणार," एवढेंच म्हणाल्या, आणि तें मला अधिक लागलें.

मिरजेचें नांव निघालें कीं मला वासुदेवशास्त्री खऱ्यांची आठवण होते. शास्त्रीबुवा तेथील शाळेंत संस्कृत शिकवीत. पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील मोडी कागद त्यांनीं वर्षानुवर्षें वाचले, निवडले, आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नांवानें त्यांचे खंडामागून खंड काढले. कागदांचा असा ढीग समोर असतां दुसऱ्या एखाद्यानें नाटकें लिहिण्याचा विचार ढीग उपसून होईपर्यंत पुढें ढकलला असता. 'शिवसंभव', 'उग्रमंगल' हीं नाटकें याच गृहस्थाचीं. १९२४ सालीं ते वारले. त्यांच्या विद्वत्तेशीं आमच्या घराची बरोबरी नव्हे. पण दप्तर आणि नाटक एकाच माणसाच्या एकाच आठवड्यांत मावूं शकतें, इतकें त्यांच्या उदाहरणावरून खास म्हणतां येतें.

फडताळ उपसतांना तळाशीं आजोबांची रोजकीर्द सांपडली. मोडी मला अडखळत वाचतां येते. तांदूळ, गूळ, रॉकेल, भिक्षुकास दक्षिणा, शेतसारा अशा ओळी लागल्या होत्या, आणि त्यांच्याच मधोमध, त्याच टांकानें, तितक्याच गंभीरपणें नाटकाच्या दोन तिकिटांचा खर्च मांडलेला होता. दोन! म्हणजे आजीहि गेली असली पाहिजे. सोवळ्याओवळ्याच्या त्या घरांतून त्या रात्रीं उभयतांनीं काय सबब सांगून पाय काढला असेल, याचा तर्क करण्यांत आमची अख्खी दुपार गेली. पुढल्या पानावर 'पेटी दुरुस्ती' अशी एक नोंद आहे. ती पेटी कोण वाजवीत असे याचा उलगडा अजून व्हावयाचा आहे. नंतर मीं दादांच्या वह्या मुद्दाम पाहिल्या. त्या सुरेख आहेत. एका पैची चूक नाहीं. पण तीस वर्षांत त्यांत एकाहि मैफलीचें तिकीट नाहीं.

आतां दर शनिवारीं सायंकाळीं पांच वाजतां आम्ही सारे फडताळापुढें बसतों आणि सहा वाजतां उठतों. काम उरलें तर तें पुढील शनिवारचें. हा नियम मी शाळेच्या घंटेप्रमाणें पाळतों. अक्षर चांगलें म्हणून वही आमच्या सूनबाईकडे. तींत महिन्यास एक पान: जुलैंत प्राप्तिकराचें विवरणपत्र, नोव्हेंबरांत निवृत्तिवेतनासाठीं हयातीचा दाखला, याप्रमाणें. हा दाखला २०१४ सालापासून 'जीवन प्रमाण' या सोयीनें घरबसल्या देतां येतो. परंतु जन्मभर खडू धरून माझ्या बोटांचे ठसे असे पुसट झाले आहेत कीं यंत्र मला जिवंत मानावयास तयार होईना! शेवटीं पुतण्यानें मोबाइल तोंडासमोर धरून चेहऱ्यावर काम भागविलें. त्याचें म्हणणें, हें सारें दप्तर संगणकावरच ठेवूं. मीं म्हटलें, खुशाल ठेव; पण परवलीचा शब्द तुझ्या एकट्याच्या डोक्यांत राहणार असेल, तर तें दुसरें दादांचें डोकें झालें. तो शब्द आतां एका बंद पाकिटांत फडताळांतच आहे. वहीच्या शेवटच्या पानावर कोणता कागद कोठें, हें लिहिलें आहे, आणि वहिनींना तें पान पाठ आहे.

सतार आम्ही मिरजेस नेली. तेथील सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच. कारागिरानें भोपळा टिचकीनें वाजवून पाहिला, तो शाबूत आहे म्हणाला, तारा बदलावयास घेतल्या, आणि सहज विचारलें, "फार दिवस कोणी वाजविली नाहीं वाटतें?"

"वेळ झाला नाहीं," वहिनी म्हणाल्या.

शनिवारीं सहाचा ठोका पडला कीं फडताळाची किल्ली वहिनी कमरेस खोंचतात आणि दादांची नात सतार घेऊन बसते. तिचा अद्याप यमनाचा आरोहच चालला आहे, आणि निषादाच्या पडद्यावर तिचें बोट दर वेळीं चुकतें. गेल्या महिन्यांत तिच्या शिकवणीची फी दिली, ती सूनबाईनें घरपट्टीच्या खालच्याच ओळींत लिहिली.