एका नावाखाली चार कुर्ल्या

खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळाशी बिळं करून राहणारी मोठी कुर्ली कोकणात कुणाला नवी नाही. मुंबई-रायगडच्या कोळीवाड्यांत ती चिंबोरी, मालवणाकडे कुर्ली. घेणारा तिला उलटी करून पाहतो. पोटाखालची झडप रुंद असेल तर मादी, निमुळती असेल तर नर. मग डेंगे भरलेले आहेत का, मादी लाखेची आहे का, एवढं पाहिलं की सौदा ठरतो. ही कुर्ली नेमकी कोणत्या जातीची, हे बाजारात कुणी विचारत नाही. प्राणिशास्त्रज्ञांना मात्र याच प्रश्नाने सव्वादोनशे वर्षं चकवलं.

सुरुवात तांबड्या समुद्रावर होते. लिनियसचा शिष्य पेटर फोर्सकोल डॅनिश मोहिमेबरोबर अरबस्तानात गेला आणि 1763 मध्ये येमेनमध्ये मरण पावला. त्याची टिपणं मोहिमेतला सहकारी कार्स्टन नीबूरने 1775 मध्ये छापली. त्यांत या कुर्लीचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे, आणि ते अगदी थोडक्यात. त्यातूनच आजचं ‘स्किला सेराटा’ हे नाव आलं. पुढे 1796 मध्ये हेर्बस्टने ‘ऑलिव्हेशिया’ आणि 1798 मध्ये फॅब्रिसियसने ‘ट्रँक्वेबारिका’ ही नावं दिली. यातलं दुसरं नाव तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीवरून आलं. तिथे तेव्हा डेन्मार्कची वखार होती आणि डॅनिश लोक त्या गावाला ट्रँक्वेबार म्हणत.

अशी तीन नावं झाली, पण ती तीन वेगळ्या प्राण्यांची की एकाच प्राण्याच्या रंगरूपांची, यावर एकमत होईना. 1949 मध्ये फिलिपिन्सच्या एस्टाम्पाडोर यांनी तिथल्या मच्छीमारांची नजर प्रमाण मानली. मच्छीमार या खेकड्यांत भेद करत होते, त्यांना निराळी नावं देत होते. एस्टाम्पाडोर यांनी तीन जाती आणि एक उपप्रकार मांडला, आणि त्या उपप्रकाराच्या ‘पॅरामामोसेन’ या नावात मच्छीमारांचा ‘मामोसाइन’ हा शब्दच घेतला. मला हे फार मोलाचं वाटतं. रोज जाळं टाकणाऱ्या माणसाचा भेद संग्रहालयातल्या बरणीवरून खोडून काढता येत नाही. पण झालं तेच. 1960 मध्ये स्टीफन्सन आणि कॅम्पबेल या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी हे फरक पुरेसे नाहीत असं ठरवलं आणि सगळ्यांना ‘सेराटा’ या एका नावाखाली आणलं. पुढची जवळजवळ चार दशकं जगभरच्या बहुतेक लेखांत खाडीची कुर्ली म्हणजे स्किला सेराटा, एवढंच राहिलं.

गुंता सुटला तो 1998 मध्ये. क्वीन्सलंडमधले कीनन, डेव्ही आणि मॅन यांनी तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंतचे नमुने एकत्र केले आणि त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी काम केलं. एकीकडे प्रथिनांची विद्युत-विभागणी करून आणि मायटोकॉन्ड्रियातला डीएनए वाचून आनुवंशिक फरक तपासले, दुसरीकडे त्याच खेकड्यांची मापं घेतली. आनुवंशिक पुराव्यात चार गट स्वच्छ वेगळे पडले. मग ते चार गट शरीरावर कुठे ओळखू येतात, याचा शोध सुरू झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधीचे अभ्यासक रंग आणि आकार पाहून गट पाडत आणि त्यांवर वाद घालत. इथे गट डीएनएने पाडून दिले, आणि नजरेला त्यांतलं कोणतं लक्षण भरवशाचं हे शोधायचं राहिलं.

रंग भरवशाचा नव्हता, तो चिखलापाण्याप्रमाणे बदलतो. भरवशाच्या ठरल्या दोन जागा. पहिली म्हणजे दोन डोळ्यांच्या मधल्या कपाळपट्टीवरचे चार दाते. सेराटाचे दाते उंच, ऑलिव्हेशियाचे बसके आणि गोलसर, पॅरामामोसेनचे सरळ कडांचे त्रिकोणी, तर ट्रँक्वेबारिकाचे मध्यम उंचीचे आणि बोथट. दुसरी जागा डेंग्याच्या मनगटाची. त्याच्या बाहेरच्या बाजूला सेराटा आणि ट्रँक्वेबारिका यांना दोन स्पष्ट काटे असतात. बाकीच्या दोघींत आतला काटा नसतोच, बाहेरचा असला तर नावापुरता. शिवाय सेराटाच्या सगळ्या पायांवर जाळीदार नक्षी दिसते, ट्रँक्वेबारिकात ती मुख्यतः मागच्या दोन जोड्यांवर, आणि ऑलिव्हेशियात फिकट किंवा मुळीच नाही.

मापं घेताना नुसती लांबी घेऊन भागत नाही. खेकडा कात टाकून वाढतो, म्हणून दात्याची उंची कपाळपट्टीच्या रुंदीच्या तुलनेत आणि आतला काटा बाहेरच्या काट्याच्या तुलनेत मोजायचा. ही गुणोत्तरं मोठ्या खेकड्यांत बोलकी असतात. पिल्लांत लक्षणं पुरती उमटलेली नसतात, आणि तुटून पुन्हा आलेल्या डेंग्याच्या काट्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

पण डीएनए फक्त ‘हे चार वेगळे आहेत’ एवढंच सांगतो. त्यांतला सेराटा कोणता, हे त्याला ठाऊक नसतं. नाव ज्या मूळ नमुन्याला दिलं, त्याच्याशीच ते बांधलेलं असतं, आणि फोर्सकोलचा नमुना उरलेला नव्हता. म्हणून या तिघांनी तांबड्या समुद्रातलाच एक खेकडा निवडून त्याला नव्या मूळ नमुन्याचा मान दिला. आता सेराटा म्हणजे काय, हे त्या खेकड्याकडे बोट दाखवून सांगता येतं. वर्गीकरणाच्या कामातला हा भाग मला सर्वांत शिस्तीचा वाटतो.

याचा आपल्याकडे थेट परिणाम झाला. भारतात 1983 मध्ये पुलिकत सरोवरातल्या कुर्ल्यांवरच्या लेखात जोएल आणि संजीव राज यांनी दोन जाती ओळखल्या होत्या. भेद त्यांनी अचूक टिपला होता. मोठ्या जातीला त्यांनी ट्रँक्वेबारिका म्हटलं, लहान जातीला सेराटा. हीच नावं भारतीय लेखनात रुळली. 1998 च्या कसोटीवर ती सरकली. 2014 मध्ये तमिळनाडूतल्या राजीव गांधी सेंटर फॉर ॲक्वाकल्चरच्या संशोधकांनी भारतीय किनाऱ्यावरचे नमुने आनुवंशिक खुणांनी तपासले, तेव्हा त्यांत दोनच जाती निघाल्या. ज्या मोठ्या हिरवट कुर्लीला आपण ट्रँक्वेबारिका म्हणत होतो ती सेराटा होती, आणि ज्या लहान, लालसर डेंग्यांच्या कुर्लीला सेराटा म्हणत होतो ती ऑलिव्हेशिया. तरंगमबाडीचं नाव मिरवणारी जात त्या अभ्यासात सापडलीच नाही.

म्हणून आपल्याकडचे जुने अहवाल जपून वाचावे लागतात. एखाद्या लेखात सेराटाची वाढ, तिचा पहिल्या प्रजननाचा आकार किंवा तिला मानवणारी पाण्याची खारटाई दिली असेल, तर ती माहिती कदाचित ऑलिव्हेशियाची असते. डीएनएच्या सार्वजनिक संग्रहांतही हीच अडचण शिरली आहे, कारण तिथे नाव लिहितो तो माहिती जमा करणारा. चुकीच्या नावाची एक नोंद गेली की पुढचा अभ्यासक तिच्याशी आपला नमुना जुळवतो आणि चूक पुढे चालते.

डीएनएच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. जाती ओळखायला बहुधा मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचतात. हा वारसा फक्त आईकडून येतो. दोन जातींच्या संकरातून झालेला खेकडा त्या चाचणीत आईच्या जातीचा ठरतो, बाप दिसतच नाही. जपानमध्ये असा नैसर्गिक संकर आढळला तो पेशीकेंद्रातला डीएनए आणि शरीराची लक्षणं सोबत तपासल्यामुळे. दुसरा फसवा प्रकार म्हणजे या जनुकाच्या निकामी प्रती. त्या कधीकाळी पेशीकेंद्रात जाऊन बसलेल्या असतात. चुकून त्या वाचल्या गेल्या तर नसलेली जात कागदावर जन्माला येते.

समुद्रातल्या निळ्या पोहणाऱ्या खेकड्याचीही गोष्ट अशीच. 2010 मध्ये लाय, एन्ग आणि डेव्ही यांनी पोर्ट्युनस पेलॅजिकस या एका नावाचे चार जातींत भाग केले, तेही शरीरलक्षणं आणि डीएनए दोन्ही पाहून.

सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांची तऱ्हा वेगळी आहे. खाडीच्या कुर्लीची मादी अंडी सोडायला समुद्राकडे जाते आणि तिच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना अळीची अवस्थाच नसते. अंड्यातून थेट पिल्लू निघतं आणि काही काळ आईच्या पोटाखाली राहतं. त्यामुळे एका डोंगराचा खेकडा सहसा दुसऱ्या डोंगरावर पोचत नाही, आणि काळाच्या ओघात डोंगरागणिक जाती वेगळ्या होतात. 2016 मध्ये समीरकुमार पाती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतून पाच नव्या जाती नोंदवल्या. या खेकड्यांत जात ठरवताना सर्वाधिक भर असतो तो नराच्या पोटाखालच्या पहिल्या प्रजनन-उपांगावर. त्याचं टोक किती लांब, किती वाकलेलं, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. जांभळा किंवा केशरी रंग छायाचित्रात आधी दिसतो, पण निर्णय त्या काडीएवढ्या अवयवावर होतो.

खाडीच्या कुर्लीबाबत हा भेद आता पोटापाण्याचा झाला आहे. ऑलिव्हेशिया लहान वयात, लहान आकारात प्रजननक्षम होते आणि कमी खारट पाणी सोसते. सेराटा खूप मोठी वाढते, तिला समुद्राइतकं खारट पाणी मानवतं. एवढ्यापेक्षा लहान कुर्ली पकडू नये असा नियम करताना दोघींना एकच माप लावलं, तर ते ऑलिव्हेशियाला अकारण कडक होतं, नाहीतर सेराटाची पिल्लावळ उघडी पाडतं. शेतीतही तेच. खाडीतून गोळा केलेली बोटाच्या पेराएवढी पिल्लं तळ्यात सोडताना कपाळावरचे दाते पाहून काही कळत नाही. अंड्यातून काढलेली पिल्लं घेतली तर निदान आई पाहता येते, तिची मापं घेता येतात, आणि पायाचं एक टोक कापून डीएनएसाठी पाठवता येतं. मिश्र पिल्लं सोडलेल्या शेतकऱ्याला फरक कळतो तो काही महिन्यांनी, तळं उपसल्यावर, जेव्हा सारखंच खाद्य खाऊनही निम्म्या कुर्ल्या वजनात मागे राहिलेल्या असतात.