तपासणीला आलेली आई चाचणीविना परत जाऊ नये

सिफिलिस, म्हणजे बोलीभाषेतली गरमी, पेनिसिलिनने बरी होते हे १९४३ पासून ठाऊक आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ साली जगभरात सुमारे ३,५५,००० गरोदरपणांना या आजाराची थेट झळ बसली. कुठे गर्भ पोटातच दगावला, कुठे मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मले, कुठे आजार घेऊनच जन्माला आले. त्यांपैकी ५७ टक्के वेळा आई गरोदरपणाच्या तपासणीला आली होती, पण सिफिलिसची चाचणी झालीच नव्हती. आणखी १६ टक्के वेळा चाचणी झाली, उपचार मात्र राहिले. औषध ठाऊक होते. दारात आलेल्या बाईला आपण तसेच परत पाठवले.

हे टाळायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा, वर द्रावणाचे थेंब सोडायचे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. आजाराची रेघ उमटली, तर त्याच भेटीत बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन देता येते. टांझानियातील म्वान्झा येथील अभ्यासात (२००२) या एकाच मात्रेने उपचार झालेल्या गरोदर स्त्रियांमध्ये मृत जन्म, अकाली प्रसूती व कमी वजनाचे बाळ यांचा धोका आजार नसलेल्यांइतकाच आढळला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. या पट्टीला सापडणारी प्रतिपिंडे आजार बरा झाल्यावरही रक्तात राहतात. म्हणजे काहींना विनाकारण इंजेक्शन मिळेल. खरे आहे. पण पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी विरळा असते, आणि त्याबद्दल आधी विचारता येते. उलट, व्हीडीआरएल या खातरजमेच्या रक्तचाचणीचा अहवाल येईपर्यंत थांबलो आणि ती बाई परत आलीच नाही, तर किंमत बाळ मोजते. म्हणून पहिली मात्रा लगेच द्यावी. खातरजमा आणि जुन्या आजाराच्या पुढच्या मात्रा मागाहून. दुसरा आक्षेप बदनामीचा. त्यावर उपाय हाच की चाचणी निवडक बायकांची न करता हिमोग्लोबिनसारखी सगळ्यांची करावी, आणि नवऱ्यालाही बोलावून उपचार द्यावेत. नाहीतर लागण पुन्हा होते.

२०१५ मध्ये क्यूबाने आणि २०१९ मध्ये श्रीलंकेने आईकडून बाळाला होणाऱ्या सिफिलिसच्या निर्मूलनाची मान्यता मिळवली. घरात कोणी गरोदर असेल, तर पहिल्याच तपासणीत विचारा: सिफिलिसची चाचणी झाली का?