करंगळीएवढी फट

लोणावळ्याच्या पावसाचं कौतुक पाहुण्यांना. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर ते मनसोक्त भिजतात, चिक्की घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. आम्ही इथे राहणारे मात्र चार महिने ओलीशी भांडत असतो. पुण्यात वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम 65 किलोमीटरवर, आमच्याकडे, तो 4000 मिलिमीटरच्या पुढे जातो. मिठाला पाणी सुटतं, पुस्तकांना बुरशी लागते आणि फरशीला घाम येतो.

आमच्या घरात शहाबादी फरशी. उन्हाळ्यात ती आईच्या मायेची, पावसाळ्यात मात्र सावत्र. माझी अम्मी ऐंशी ओलांडलेली. पहाटे नमाजाला उभी राहिली की गारठा तिच्या तळपायांतून गुडघ्यांत चढायचा. म्हणून 2022च्या मे महिन्यात मी ठरवलं, तिच्या खोलीत लॅमिनेटची जमीन घालायची, आणि तीही आपल्या हातांनी. फळ्या एकमेकींत खटकन बसतात, गोंद लागत नाही, खिळा लागत नाही, असं ऐकलं होतं. दहा बाय बारा फुटांची खोली. भाचा मदतीला होता. दोन दिवसांत काम फत्ते! फळ्या भिंतीला अशा घट्ट भिडवल्या होत्या की मध्ये सुई जाऊ नये. ते पाहून माझी छाती फुगली.

जुलैत जमीन फुगली. खोलीच्या मधोमध उंटाच्या पाठीसारखा उंचवटा आला. एका रात्री अम्मी त्याला अडखळून पडली. मनगट मोडलं, दीड महिना हात प्लास्टरमध्ये. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. प्लास्टर घालून घरी आलो तेव्हा एवढंच म्हणाली, “अरे, जमीन घालताना तिला विचारलं होतंस का?”

विचारलं नव्हतं. मग फळ्या उचलल्या आणि शिकायला बसलो.

लॅमिनेट म्हणजे अखंड लाकूड नव्हे. लाकडाचे बारीक तंतू चिकट रसायनात कालवून, प्रचंड दाबाखाली घट्ट केलेला तो पुठ्ठाच. त्यावर लाकडाच्या रेषांचा छापील कागद आणि त्याच्यावर कठीण, पारदर्शक थर. आपण ज्याला सागवान म्हणतो तो सागवानाचा फोटो असतो! 1970च्या दशकात स्वीडनमध्ये ही कल्पना निघाली. खटक्याची जोडणी 1990च्या दशकातली. पण आतला गर लाकडाचाच, त्यामुळे हवेतली ओल पिऊन तो फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो. म्हणून ही जमीन खाली कशालाच चिकटवायची नसते, ती फरशीवर तरंगत ठेवायची असते. चारही बाजूंना भिंतीपासून 8 ते 10 मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढी फट सोडायची. फुगलेली जमीन त्या फटीत सरकते. फट नसेल तर तिला जायला एकच वाट उरते, ती वरची. मी मेच्या कोरड्या हवेत फळ्या भिंतीला भिडवल्या होत्या. पुढे काय होणार हे तेव्हाच ठरलं होतं.

दुसरी चूक फळ्या उचलल्यावर दिसली. खालच्या फोमवर पाण्याचे थेंब होते. ओल फक्त हवेतून येत नाही, जमिनीतूनही वर चढते. ती ओळखायची साधी युक्ती आहे. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि दोन दिवसांनी उचलायचा. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला, तर फळ्यांना हात लावू नका. ही परीक्षा पावसाळ्यातच घ्यावी. मेमध्ये प्रत्येक फरशी पास होते.

आमची ऑगस्टमध्ये नापास झाली. मागच्या भिंतीला लागून पागोळ्यांचं पाणी साचत होतं. तिथे चर खणून उताराला वाट दिली, बाहेरचा गिलावा दुरुस्त केला आणि पुढचा पावसाळा थांबलो. 2023च्या ऑगस्टमध्ये प्लास्टिकखाली फरशी कोरडी निघाली. मग दिवाळीनंतर कामाला लागलो.

या वेळी फळ्यांचे गठ्ठे आधी दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवले, तिथल्या हवेची सवय व्हावी म्हणून. पाणसळ लावून फरशीचे उंचसखल भाग पाहिले. दोन मीटरमध्ये 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आधी जाड प्लास्टिक अंथरलं, जोडावर वीतभर एकावर एक घेऊन चिकटपट्टी लावली. त्यावर फोम, मग फळ्या. भिंतीकडे लाकडी पाचरी ठेवून फट राखली. शेजारच्या ओळींतले सांधे फूटभर तरी मागेपुढे ठेवले, भिंतीतल्या विटांसारखे. फळी ठोकताना मध्ये लाकडाचा ठोकळा धरला, नाहीतर कडा फुटते. शेवटी पाचरी काढल्या. फट झाकणारी पट्टी भिंतीला ठोकली, जमिनीला नव्हे. करवतीचा भुसा फार बारीक असतो, तेव्हा नाकाला फडकं बांधायला विसरू नका. मोरीत आणि न्हाणीघरात ही जमीन घालू नका. पुसतानाही फडकं घट्ट पिळून घ्या.

माझ्या लहानपणी मावळातल्या आमच्या घरात मातीची जमीन होती. पाऊस सरला की अम्मी ती उकरायची, मुरूम-माती घालून धुमसाने चोपायची आणि शेणाने सारवायची. भेग पडली तर दुसऱ्या दिवशी बुजवायची. त्या जमिनीची ओल, भूक, ऋतू तिला ठाऊक होते. बाजारातून खोक्यात आलेल्या जमिनीला ऋतू नसतात, असा माझा समज होता.

अम्मी आता पहाटे त्या जमिनीवर अनवाणी उभी राहते. जुलै आला की मी भिंतीकडची पट्टी थोडी सैल करून आत बघतो. करंगळीएवढी फट निम्मी झालेली असते. हिवाळ्यात ती पुन्हा उघडते.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)