पितळेच्या गावात डेव्हलपर

कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैच्या स्थपतींना, म्हणजे मूर्तिकारांना, कावेरीचा गाळ लागतो. मेणाच्या मूर्तीवर तो लिंपायचा, मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत धातू ओतायचा. घासून-पुसून जी मूर्ती उभी राहते, तिच्यापुढे कृष्णधवल छायाचित्रकाराची परीक्षा असते: खांद्यावरची झळाळी कोरीपांढरी होऊ नये आणि यज्ञोपवीताखालची सावली नुसती काळीकुट्ट होऊ नये. यासाठी अनेकजण डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण) बदलत बसतात. माझ्या मते ते श्रम बरेचसे वाया जातात. कॉन्ट्रास्ट प्रामुख्याने कागदाची ग्रेड ठरवते. डेव्हलपर रंगछटेत आणि काळ्याच्या खोलीत थोडा फरक करतो. या मुलखात पहिला प्रश्न वेगळाच आहे: डेव्हलपर टिकेल का?

उन्हात रसायने सांभाळण्याचा हा प्रश्न जुना आहे. तंजावरचे भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले आणि १८५८ मध्ये मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप तिथे कॅमेरा घेऊन आला. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या विमानाच्या पायथ्याचे तमिळ शिलालेख त्याने २१ निगेटिव्ह जोडून सुमारे १९ फुटांच्या पट्टीत उतरवले. (सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहासही याच देवळात आहे.) उन्हाच्या मुलखात मेण लावलेली कागदी निगेटिव्ह सोयीची, कारण ती कोरडी वापरता येई; काचेवरचे ओले कोलोडियन सुकायच्या आत उरकावे लागे. कागदी निगेटिव्ह डेव्हलप करण्याचे द्रावण गॅलिक आम्लाचे. छापील प्रती मात्र उन्हातच उमटत; त्यांना डेव्हलपर लागतच नसे.

आजच्या कागदाला लागतो. कोडॅकचे डी-७२ हे सूत्र घरी बनवण्याजोगे आहे: एका लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ८० आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. पाणी पन्नासेक अंश गरम. सल्फाइटची फक्त चिमूटभर आधी, मग मेटॉल, त्यानंतर बाकीचे सल्फाइट. तीव्र सल्फाइटमध्ये मेटॉल नीट विरघळत नाही. मेटॉलने कातडी खाजत असेल तर फेनिडोनचा डेव्हलपर घ्यावा. अ‍ॅमिडॉलचे काळे सुंदर, पण द्रावण तास-दोन तासांत गळपटते. ते त्या दिवसापुरतेच कालवावे.

सल्फाइट हवेतला ऑक्सिजन अंगावर घेते, ते संपले की द्रावण चहासारखे तपकिरी होते. म्हणून तयार डेव्हलपर काठोकाठ भरलेल्या, गच्च बुचाच्या तपकिरी काचेच्या बाटलीत ठेवायचा. एक मोठी बाटली वारंवार उघडण्यापेक्षा चार लहान बऱ्या. थोडे उरले तर काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणावी. साध्या मऊ प्लास्टिकमधून हवा शिरते. पूर्ण भरलेली बाटली सहा महिने चालते, अर्धी रिकामी दोनच. हे आकडे गार हवेतले आहेत. कुंभकोणमच्या उन्हाळ्यात त्यांच्यावर विसंबू नये. कोरडी पूड जास्त टिकते, मात्र दमट हवेत तिचा डबाही घट्ट हवा.

आणि इथली खास अडचण भांड्यांची. कुंभकोणम पितळेच्या भांड्यांचे गाव, शेजारचे नाच्चियारकोविल समयांचे. डेव्हलपरला यातले एकही चालत नाही. तांब्याचा अंश मिसळला की ऑक्सिडीकरण झपाट्याने होते आणि कागदावर धुके चढते. जस्त, कथील यांचीही तीच गत. कालवायला आणि ट्रेला काच, इनॅमल, चांगले स्टेनलेस स्टील किंवा प्लास्टिकच वापरावे. मूर्तीची धूळ लागलेले हात ट्रेत घालण्याआधी धुवावेत.

ट्रेचे तापमान २० अंश हवे. तिशीच्या खोलीत मोठ्या ट्रेत बर्फ घालून त्यात छोटा ट्रे ठेवावा. ते जमत नसेल तर डी-७२ला नेहमीच्या दुप्पट पाण्याऐवजी तिप्पट-चौपट पाणी घालावे आणि ब्रोमाइड किंचित वाढवावे, नाहीतर चित्र घाईने उमटते आणि डागाळते. डेव्हलपर खराब झाला का, याची रंगावरून पारख नेहमीच जमत नाही. ग्लायसिन असलेले अ‍ॅन्स्को १३० काळवंडूनही महिनोन्महिने काम देते. म्हणून कागदाची पट्टी पूर्ण प्रकाशात नेऊन डेव्हलपरमध्ये दीड मिनिट बुडवावी. गडद काळे आले नाही तर बाटली रिकामी करावी. बाटलीवर कालवल्याची तारीख मात्र पहिल्याच दिवशी लिहावी.